हवामान पाहून कॅप्सूल वॉर्डरोब बांधून देणारी सेवा: सहा महिन्यांच्या वापरानंतरचे मत

बदलीमुळे मी कोरड्या हवेच्या शहरातून समुद्रकाठच्या दमट शहरात राहायला आले आणि पहिल्या महिनाभरातच माझ्या कपाटातले निम्म्याहून अधिक कपडे निरुपयोगी ठरले. जे कपडे जुन्या शहरात दिवसभर ताजे राहत, ते इथे सकाळी दहापर्यंत पाठीला चिकटत. आणि जे पातळ कपडे घरात सोसवत, ते कार्यालयाच्या थंडगार वातानुकूलित दालनात अपुरे पडत. खरेदी करत सुटण्यापेक्षा जाणत्याचा सल्ला घ्यावा, या विचाराने मी एका वस्त्रसल्ला सेवेची नोंदणी केली. शहराचे हवामान आणि तिथली राहणी या दोन्हींचा विचार करून ३० ते ३५ कपड्यांचा, एकमेकांशी जुळणारा संच ठरवून देऊ, असे या सेवेचे आश्वासन आहे. त्यात तीन ऑनलाइन बैठका, एक लेखी आराखडा आणि सहा महिन्यांनंतर एक फेरआढावा मिळतो. शुल्क साधारण एका चांगल्या जॅकेटाच्या किमतीइतके आहे. तो आराखडा मी सहा महिने प्रामाणिकपणे वापरला आणि त्या अनुभवावरून हे लिहीत आहे. सेवेत मला उणिवा आढळल्या आहेत, म्हणून तिचे नाव देत नाही. मात्र अशा प्रकारची सेवा घेताना काय पारखून घ्यावे, हे यातून स्पष्ट व्हावे.

कॅप्सूल वॉर्डरोब, म्हणजे एकमेकांशी जुळणाऱ्या मोजक्या कपड्यांचा संच, ही कल्पना जुनी आहे. लंडनमध्ये कपड्यांचे दुकान चालवणाऱ्या सुझी फॉ यांनी १९७०च्या दशकात ती मांडली, आणि १९८५ मध्ये अमेरिकी डिझायनर डॉना कॅरन यांनी ‘सात सोपे कपडे’ या सूत्रावर आपला संग्रह सादर करून तिला मोठी प्रसिद्धी मिळवून दिली. तेव्हापासून या कल्पनेचा भर कपड्यांची संख्या, रंगांची शिस्त आणि वरचा कपडा कोणत्याही खालच्या कपड्यावर शोभावा या जुळणीवर राहिला आहे. धुतलेला कपडा पुन्हा हाती यायला किती वेळ लागतो, हा प्रश्न मात्र या चर्चेत क्वचितच येतो. दमट शहरात हाच प्रश्न सगळ्यांत आधी यायला हवा, असे माझे आता ठाम मत झाले आहे आणि या सेवेचे मूल्यमापनही मी मुख्यतः त्याच अंगाने करणार आहे.

आधी चांगले सांगते. पहिल्या बैठकीत सल्लागार बाईंनी मला रंग किंवा आवड विचारली नाही. “कपाट उघडा आणि गेल्या दोन आठवड्यांत जे प्रत्यक्ष घातलं, तेवढंच बाहेर काढून पलंगावर ठेवा,” असे त्या म्हणाल्या. मोजून अकरा कपडे निघाले. उरलेले साठएक कपडे मी केवळ सांभाळत होते. त्या अकरा कपड्यांचे कापड, बाह्यांची लांबी, गळा आणि खिसे यांची त्यांनी एकेक करून नोंद घेतली, आणि नव्या संचाचा पाया त्या नोंदीवरच रचला. माणूस काय घालू इच्छितो याऐवजी तो खरोखर काय घालतो याकडे पाहण्याची ही पद्धत मला अतिशय योग्य वाटली. त्यामुळेच नव्या यादीतले चौदा कपडे माझ्याकडे आधीपासूनच होते आणि अनावश्यक खरेदी टळली.

दुसरी बैठक शहराच्या राहणीविषयी होती, आणि ती या सेवेतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. ‘संस्कृती’ या शब्दाखाली बहुतेक ठिकाणी ‘सभ्य कपडे घाला’ असा मोघम उपदेश मिळतो. इथे मला गृहपाठ मिळाला. तीन दिवस काहीही विकत न घेता केवळ निरीक्षण करायचे: कार्यालयाच्या लिफ्टमध्ये, सकाळच्या गर्दीच्या गाडीत आणि संध्याकाळी बाजारात आपल्या वयाच्या आणि आपल्यासारखे काम करणाऱ्या माणसांचे खांदे, गुडघे आणि पाय पाहायचे आणि लिहून ठेवायचे. सुरुवातीला हे मला पोरकट वाटले होते. तिसऱ्या दिवशी वही चाळताना मात्र लक्षात आले, की या शहरात औपचारिकपणा जॅकेटावरून ओळखला जात नाही. तो शर्टाच्या इस्त्रीवरून आणि पादत्राणांच्या स्वच्छतेवरून ओळखला जातो. वरिष्ठ अधिकारीसुद्धा जॅकेट खुर्चीच्या पाठीला अडकवून ठेवतात आणि फक्त बैठकीला जाताना अंगावर चढवतात. म्हणजे दोन जॅकेटे घेण्यापेक्षा एक जॅकेट आणि सुरकुत्या न पडणारे चार शर्ट यांची मला अधिक गरज होती. हे एखाद्या लेखात वाचले असते तर पटले नसते. स्वतः पाहिले म्हणून पटले.

याच बैठकीत विचारलेले काही प्रश्न मी आजही कोणी शहर बदलत असेल तर त्याला आवर्जून सांगते. तुम्ही दिवसातून किती वेळा चपला-बूट काढता? जमिनीवर मांडी घालून बसण्याचा प्रसंग येतो का? प्रार्थनास्थळी, सांत्वनाला किंवा रुग्णाला भेटायला ऐनवेळी जावे लागले, तर त्या दिवशी अंगावर असलेल्या कपड्यांत जाता येईल का? शोकप्रसंगी काही समाजांत पांढरा रंग घालतात, काहींत काळा, आणि काही ठिकाणी कोणताही मंद रंग चालतो. हे आपल्या शेजाऱ्याला आधीच विचारून ठेवणे हे कपड्यांच्या नियोजनाचा भाग आहे, हे मला प्रथमच कोणी सांगितले. या प्रश्नांची उत्तरे थेट यादीत उतरली: नाडीच्या बुटांऐवजी चटकन काढता येणारे बंद बूट, मांडी घालता येईल इतक्या सैल बैठकीची पँट, आणि पिशवीत कायम राहणारा मोठा, गडद रंगाचा स्टोल. हा स्टोल खांदे झाकतो, कार्यालयातल्या गारठ्यात शालीचे काम करतो आणि उन्हात डोक्यावरही येतो. माझ्या संपूर्ण संचात याच्याइतका वापर दुसऱ्या कशाचाही झालेला नाही.

आता हवामानाकडे येते, कारण तिथे ही सेवा कमी पडली, आणि त्या चुकीमुळे मला पावसाळ्यातले काही आठवडे हालात काढावे लागले.

आराखड्यातल्या हवामानाच्या पानावर दोन गोष्टी होत्या: शहराचा कोपेन वर्ग आणि महिनावार सरासरी तापमान व पाऊस यांचा तक्ता. व्लादिमिर कोपेन यांनी १८८४ पासून विकसित केलेली हवामानाच्या प्रकारांची ही वर्गवारी भूगोलाच्या अभ्यासात फार उपयुक्त आहे, यात शंका नाही. पण ती तापमान आणि पर्जन्य यांवर उभी आहे, हवेतल्या दमटपणाचे मोजमाप तिच्यात थेट येत नाही. सरासरीचेही तसेच आहे. हवामानशास्त्रात सरासरी तीस वर्षांची धरतात, सध्या १९९१ ते २०२० या काळाची, आणि ती शहराची ओळख म्हणून ठीक असते. परंतु ३० अंश सेल्सिअस ही एकच सरासरी कोरड्या शहरात सुखद दुपार असू शकते आणि दमट शहरात अंगाची चिकचिक. कपड्यांसाठी पाहायला हवा तो दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते तो अंक. तो १५ अंशांच्या आसपास असेल तर बहुतेक कपडे चालतात. २१च्या वर गेला की पाठ ओली राहू लागते. आणि २४च्या वर टिकून राहिला तर घाम सुकण्याची आशाच सोडावी लागते. एक ग्रॅम घामाची वाफ होताना शरीरातली सुमारे २,४०० जूल उष्णता निघून जाते, आणि दमट हवेत ही वाफच नीट होत नाही. म्हणून अशा शहरात कपड्याने घाम शोषण्याइतकेच महत्त्वाचे आहे कपड्याने अंगापासून दूर राहणे, म्हणजे हवा खेळती ठेवणे. आराखड्यात दवबिंदूचा उल्लेख एकदाही नव्हता. हा अंक हवामानाच्या अनेक साध्या अंदाजांत मिळतो, त्यामुळे ही उणीव मला अक्षम्य वाटते.

कापडाविषयीचा सल्लाही त्यामुळे अर्धवट राहिला. “दमट हवेत सुती कापड,” एवढेच तिथे लिहिले होते. सूत आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा नुसत्या हवेतून धरून ठेवते. लिननसाठी हा आकडा सुमारे १२ टक्के, लोकरीसाठी सुमारे १६ टक्के आणि पॉलिएस्टरसाठी अवघा ०.४ टक्का आहे. हे आकडे २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता अशा प्रमाणित हवेतले आहेत. त्यांवरून कापडाचा स्वभाव कळतो, पण कपड्याचा स्वभाव ठरतो तो वजनावर आणि विणीवर. चौरस मीटरला शंभर ग्रॅम वजनाचे पॉपलीन आणि दोनशे ग्रॅमचे ऑक्सफर्ड ही दोन्ही शंभर टक्के सुतीच असतात; पहिले सकाळी धुतले तर दुपारी घालता येते, दुसरे संध्याकाळीही ओलसर असते. यादीत मात्र ‘पांढरा सुती शर्ट, ३ नग’ एवढीच नोंद होती, आणि मी दुकानातून निघाले ती जाड, देखण्या ऑक्सफर्डचे तीन शर्ट घेऊन. कापडाचे वजन, ज्याला व्यवहारात जीएसएम म्हणतात, ते यादीत प्रत्येक नगापुढे लिहिणे हे अशा सेवेचे पहिले कर्तव्य आहे.

पँटच्या बाबतीत तर हिशेबच चुकला. संचात तीन पँट होत्या: एक डेनिम, एक जाड ट्विलची आणि एक लिननची. आठ वरचे कपडे आणि पाच खालचे (दोन स्कर्ट धरून), म्हणजे चाळीस जोड्या होतात, असे आराखड्यात ठळकपणे मांडले होते. गणित बरोबर आहे. पण पावसाच्या पहिल्या आठवड्यात मी डेनिम सोमवारी रात्री धुऊन खोलीतल्या दोरीवर घातली, आणि गुरुवारी सकाळी ती वरून अगदी कोरडी दिसत होती. कंबरपट्ट्याच्या आत बोट घातले तर कापड गार लागले. खिशाच्या आतली दुहेरी पट्टी आणि पायांच्या आतल्या बाजूची जाड शिवण अजून ओलीच होती, आणि तिथून तो ओळखीचा कुबट वास येऊ लागला होता. १४ औंसाचे (म्हणजे चौरस यार्डाला १४ औंस वजनाचे) डेनिम चौरस मीटरला जवळजवळ ४७५ ग्रॅम भरते आणि कंबरपट्ट्यात त्याचे तीन-चार थर एकमेकांवर येतात. दमट, वारा नसलेल्या खोलीत ते तीन दिवसांत सुकले नाही, यात त्या कापडाचा काय दोष?

तेव्हापासून मी कपड्यांची संख्या दोरीवरून मोजते. समजा एक पँट वाळायला दोन दिवस घेते आणि मी एक दिवसाआड कपडे धुते. सोमवारी घातलेली पँट मंगळवारी रात्री धुतली जाते, गुरुवारी रात्री दोरीवरून उतरते आणि शुक्रवारी पुन्हा घालता येते. म्हणजे रोज एक घालायची तर चार पँट लागतातच, आणि येताना पावसात भिजलेल्या दिवसासाठी पाचवी. तेच कापड अर्ध्या दिवसात वाळणारे घेतले, तर तीन पँट पुरतात. चाळीस जोड्या असूनही बुधवारी सकाळी घालायला कोरडे काही नाही, ही वेळ मग येत नाही. कोरड्या हवेच्या शहरात, जिथे रात्री घातलेला कपडा सकाळी खडखडीत वाळतो, तिथे तीस कपड्यांचा संच वीसमध्ये बसवता येईल. दमट शहरात एक तर संख्या वाढवावी लागते, नाहीतर कापड हलके घ्यावे लागते. ही एक ओळ त्या आराखड्यात असती, तर माझे पूर्ण समाधान झाले असते.

मी स्वतः केलेला बदल असा: डेनिम पावसाळ्यापुरती बाजूला ठेवली आणि तिच्या जागी सूत-पॉलिएस्टर मिश्रणाच्या दोन हलक्या पँट घेतल्या. निव्वळ पॉलिएस्टर लवकर वाळते, पण त्याला घामाचा वास चिकटून राहतो, म्हणून अंगाला घट्ट बसणाऱ्या वरच्या कपड्यांत मी ते टाळले. पँटमध्ये मिश्रण चांगले चालते. ऑक्सफर्डचे दोन शर्ट हिवाळ्यासाठी ठेवले आणि सीअरसकरचे दोन आणले. या विणीत कापड चुणीदार असते, त्यामुळे ते अंगाला सपाट चिकटत नाही आणि त्याला इस्त्रीही लागत नाही. व्हिस्कोजचा एक झुळझुळीत टॉप यादीत होता, तो मात्र मी परत केला, कारण व्हिस्कोज ओले झाल्यावर बरेच कमकुवत होते आणि इथे प्रत्येक वापरानंतर धुणे अटळ आहे.

वातानुकूलित कार्यालयाचा प्रश्न सेवेने ओळखला होता, हे नमूद केले पाहिजे. कपड्यांची ऊब मोजण्याचे क्लो नावाचे एक एकक आहे. १९४१ मध्ये ते सुचवले गेले, आणि २१ अंशांच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला पुरेल इतकी ऊब म्हणजे साधारण एक क्लो. रस्त्यावर याच्या निम्म्याहून कमी हवी आणि कार्यालयात जवळजवळ पूर्ण, म्हणून दिवसातून दोनदा काढता-घालता येणारा थर संचात हवाच, असे सल्लागार बाईंनी नीट समजावले. त्यांनी निवडलेले जॅकेट हलक्या लोकरीचे होते आणि ती निवड मला योग्यच वाटते, कारण लोकर ओलावा शोषूनही ओली भासत नाही. फक्त त्याला आतून पूर्ण पॉलिएस्टरचे अस्तर होते, आणि त्या अस्तरामुळे लोकरीचा सगळा गुण वाया जात होता. मी शिंप्याकडून पाठीचे अस्तर काढून घेतले आणि बाह्यांचे तसेच ठेवले, म्हणजे हात आत सहज सरकतो. एका तासाच्या कामात जॅकेटाचे रूप पालटले. आज ते मी बैठकीव्यतिरिक्तही घालते.

रंगांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. गडद निळा, राखाडी, पांढरा आणि एक विटकरी, असा सुज्ञ संच त्यांनी दिला आणि तो जुळतो. घामाचे डाग राखाडी रंगावर सर्वाधिक उठून दिसतात, एवढे मात्र त्यांनी सांगायला हवे होते. मध्यम राखाडी शर्ट मी महिन्याभरात बाद केला. उन्हाचाही विचार तोकडा होता. पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टाचा यूपीएफ, म्हणजे कापड उन्हातले अतिनील किरण किती अडवते याचा अंक, साधारण ५ ते ७ भरतो आणि ओला झाल्यावर तो आणखी उतरतो, तर ५० यूपीएफच्या कापडातून अतिनील किरणांचा फक्त पन्नासावा भाग आत येतो. ज्यांना दुपारी बाहेर काम असते त्यांच्यासाठी दाट विणीचा, लांब बाह्यांचा पण सैल असा एक तरी शर्ट यादीत असायला हवा. चामड्याच्या बुटांवर आणि पट्ट्यावर पावसाळ्यात बुरशी आली. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवणे आणि चामडे बंद कपाटात न ठेवणे, हे दोन उपाय मी शेजारणीकडून शिकले.

खरेदीच्या दुव्यांविषयी सावध करणे आवश्यक आहे. आराखड्यातल्या प्रत्येक नगापुढे ऑनलाइन दुकानाचा दुवा होता. त्या दुव्यावरून खरेदी झाल्यास सेवेला दलाली मिळते, ही माहिती शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होती. दलाली घेण्यात गैर काही नाही, पण ती पहिल्या बैठकीत सांगायला हवी होती, कारण मग ‘हा शर्ट का?’ हा प्रश्न मी अधिक चिकित्सकपणे विचारला असता. फेरआढाव्याचा अनुभवही निराशाजनक होता. पँट न वाळण्याची तक्रार मी छायाचित्रांसह सविस्तर लिहून पाठवली. तिला तीन आठवड्यांनी उत्तर आले आणि त्यात नवा कोणताही विचार नव्हता, केवळ ‘सुती, श्वास घेणारे कापड वापरावे’ हे पहिलेच वाक्य पुन्हा लिहिलेले होते. ज्या सल्लागार बाईंनी माझे कपाट इतक्या बारकाईने पाहिले होते, त्यांच्यापर्यंत ती तक्रार पोहोचलीच नसावी, असे मला वाटते आणि त्याचे वाईटही वाटते.

नव्या शहरात पहिल्यांदाच येणाऱ्या, कार्यालयात काम करणाऱ्या आणि कपडे साठवण्याची सवय असलेल्या व्यक्तीला पहिल्या दोन बैठकांचा निश्चित लाभ होईल. माझे कपाट बाहत्तर कपड्यांवरून अडतीसवर आले आहे, सकाळी कपडे निवडण्यात वेळ जात नाही, आणि ऐन प्रसंगी आपण कुठे विसंगत दिसू ही भीती उरलेली नाही. ज्यांना त्या शहरात राहून वर्ष-दोन वर्षे झाली आहेत, त्यांना मात्र यातून नवे फारसे काही मिळणार नाही. त्यांची दोरी त्यांना सगळे सांगतच असते. कोणतीही अशी सेवा घेण्यापूर्वी नमुन्याचा आराखडा मागून घ्यावा आणि त्यात तीन गोष्टी शोधाव्यात: दवबिंदू, प्रत्येक कपड्याचे जीएसएम आणि वाळण्याचा अंदाजे वेळ. तिन्ही नसतील, तर हवामानाचे नाव घेऊन केवळ रंगांची जुळणी विकली जात आहे, असे समजायला हरकत नाही.

पुढच्या वर्षीचे शुल्क मी भरलेले नाही. राहणीविषयीची दुसरी बैठक स्वतंत्रपणे घेण्याची सोय त्यांनी केली, तर पुढची बदली होईल तेव्हा मी तेवढीच घेईन, आणि नव्या घरात वाळत घालायची दोरी कुठे बांधता येईल हे त्या बैठकीआधी स्वतः पाहून येईन.